डी ड्राइव्ह तसाच राहिला पाहिजे

सकाळी १०. दौंडच्या डीटीपीवाल्या ताई न्हावऱ्याच्या रस्त्याने सीपीयू घेऊन शिरूरला माझ्याकडे आल्या. "दादा, डी ड्राइव्हला हात लावू नका, सगळ्या लग्नपत्रिका तिथंच आहेत." विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मशीनमध्ये टीपीएम २.० नसल्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. पत्रिकेच्या मराठी टायपिंगच्या श्रीलिपी सॉफ्टवेअरसाठी विंडोज हवंच. म्हणून ते ठेवून शेजारी लिनक्स मिंट टाकायचं, इंटरनेटची कामं त्यावर.

साडेदहा. बॅकअप. नुसता डी घेऊन भागत नाही. डेस्कटॉपवर चालू कामं असतात, डाउनलोड्समध्ये गिऱ्हाइकांचे फोटो, आणि फॉन्ट तर सीमध्ये. फॉन्ट गेले तर पत्रिकेची फाइल उघडूनही अक्षरं वाचता येणार नाहीत. सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलं. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून ताईंनाच फाइली उघडायला सांगितल्या, जुन्या आणि कालच्याही. उघडून पाहिल्याशिवाय मी त्याला बॅकअप म्हणत नाही. घाई असलेलं गिऱ्हाईक इथंच कुरकुरतं. ताई मात्र शांतपणे बसून एकेक बघत होत्या.

दुपारी १. कॉपी होईपर्यंत जेवण उरकलं होतं. डिस्कची तब्येत तपासली, चेकडिस्क चालवलं. खराब सेक्टर निघाले असते तर पार्टिशनचं नावही काढलं नसतं, आधी डिस्क बदलली असती.

अडीच. फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि त्या अवस्थेत लिनक्समधून ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं. बिटलॉकर नव्हतं; असतं तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून घेतली असती. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी आकसवून जागा मोकळी केली. डी जसाच्या तसा.

चार. सीपीयू यूपीएसवर, बॅकअपची डिस्क काढून कपाटात. विंडोज यूईएफआय मोडमध्ये होतं, म्हणून पेनड्राइव्हही त्याच मोडमध्ये सुरू केला. इन्स्टॉलर पहिल्यांदा 'पूर्ण डिस्क पुसा' हाही पर्याय समोर ठेवतो. तो सोडून 'समथिंग एल्स' घेतलं. लिनक्समध्ये सी-डी अशी नावं नसतात, त्यामुळे जागेच्या आकारावरून ओळख पटवली. मोकळ्या जागेत ईएक्सटी४ केलं. ईएफआय पार्टिशन वापरलं, फॉरमॅट केलं नाही.

पाच. आधी विंडोज उघडलं. पत्रिका उघडली, फॉन्ट जागेवर. घड्याळ मात्र साडेपाच तास मागे. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. एक कमांड देऊन दोघांना एका वेळेवर आणलं. बॅकअपची डिस्क ताईंच्या हातात दिली आणि ती दुकानात नको, घरी ठेवा म्हटलं.