मिक्सर आणि जात्यावरची ओवी

घरात नवा मिक्सर आणला, असे मी फोनवर सांगितले तेव्हा आत्या म्हणाली, "बरं झालं, चटणीची सोय झाली." तिचे काही चुकले नव्हते. आपल्याकडे मिक्सर म्हणजे ओट्याच्या कोपऱ्यात घरघरणारे यंत्र. मी आणला होता तो ध्वनिमुद्रणाचा. गाण्याच्या कार्यक्रमात सभागृहाच्या मागच्या बाजूला एक गृहस्थ खुंट्या फिरवत बसलेले असतात, त्यांच्या पुढ्यातल्या यंत्राचा हा धाकटा भाऊ. त्याला माइक जोडायचे, एका यूएसबी वायरने तो संगणकाला जोडायचा आणि घरच्या घरी स्टुडिओ थाटायचा, असा बेत होता.

निमित्त आत्याचेच होते. वय ब्याऐंशी, राहायची सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस पुण्याला आमच्याकडे येणार होती. पहाटे जात्यावर बसून तिने म्हटलेल्या ओव्या ऐकत आमची अख्खी पिढी जागी झाली, पण त्यातली एकही कुणी जपून ठेवली नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. केवढे हे काम! पण आपल्या आत्याची ओवी आपणच जपायला हवी, असे मनाने घेतले.

मिक्सर पाहून प्रथम छाती दडपते. तेवढ्या खुंट्या कशाला, असे वाटते. प्रत्यक्षात एकच उभी पट्टी शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा मांडलेली असते. एका माइकला एक पट्टी. वरची खुंटी गेनची, म्हणजे आवाज आत किती घ्यायचा. खालची सरकती पट्टी फेडरची, म्हणजे घेतलेला आवाज पुढे किती सोडायचा. इमारतीच्या पाण्याची मुख्य चावी आणि न्हाणीघरातली तोटी, एवढाच फरक. कंडेन्सर जातीचा माइक असेल तर त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. त्याचे बटण मिक्सरवरच असते. संगणक या आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी करून आकडे लिहून ठेवतो. या आकड्यांना वरची मर्यादा असते. ती ओलांडली की आवाजाचा माथा सपाट कापला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. म्हणून दूध तापवताना पातेले काठोकाठ भरत नाहीत, तसा गेन नेहमी थोडा कमी ठेवायचा.

एवढे वाचून ठेवले आणि मी स्वतःला जाणकार समजू लागलो.

पहिल्या संध्याकाळी पंखा बंद केला, भिंतीला दोन गोधड्या टांगल्या, माइक आत्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला. जाते नव्हते. तिने परात मागवली, लाटणे उभे धरले आणि तोच खुंटा समजून फिरवू लागली. भाच्याने हौसेने पेटी काढली. तिला दुसरा माइक. आत्याच्या कानाला हेडफोन लावला. तिने पहिला शब्द उच्चारला आणि थांबली. "आरं, माझ्या मागनं कोन म्हनतंय?"

मागून तीच म्हणत होती. आवाज संगणकात जाऊन परत येईपर्यंत वेळ लागतो. संगणक १,०२४ मोजण्यांची मोळी बांधून मगच पुढे सरकवत असेल, तर एका खेपेला सेकंदाचे २३ सहस्रांश लागतात. जाऊन येऊन दुप्पट. तेवढ्या वेळात हवेतला आवाज पंधरा-सोळा मीटर जातो. म्हणजे वाड्याच्या दुसऱ्या टोकाला बसून कुणी आपली नक्कल करावी, तसे ऐकू येते. उपाय सोपा आहे. गाणाऱ्याला त्याचा आवाज संगणकातून परतलेला ऐकवायचा नाही, थेट मिक्सरमधूनच ऐकवायचा.

तो बदल करताना मी दुसरा घोळ घातला. संगणकातून परत आलेला आवाज मिक्सरच्या एका पट्टीवर आला, तिथून मुख्य आवाजात मिसळून पुन्हा संगणकात गेला, पुन्हा परत आला. न्हाव्याच्या दुकानात समोरासमोरच्या आरशांत आपली डोकी दिसत राहतात, तसा प्रकार. हेडफोनमध्ये अशी किंकाळी उठली की आत्याने तो काढून बाजूलाच ठेवला. परतीचा आवाज फक्त हेडफोनला द्यायचा, मुद्रणाच्या वाटेवर येऊ द्यायचा नाही, हे शहाणपण तेव्हा आले.

मग मात्र आत्या रंगली. चाळीस मिनिटे म्हणत होती. मध्येच एक ओवी आली ती माझ्या वडिलांवर. मुंबईला नोकरीसाठी निघालेल्या भावाला वेशीपर्यंत पोचवायला गेलेल्या बहिणीची. मी ती कधीच ऐकली नव्हती. वडील जाऊन बारा वर्षे झाली होती.

रात्री ऐकायला बसलो तर पेटी पुढे आणि आत्या मागे. पेटी कमी करावी तर आत्याही कमी होई. माहितीपुस्तिका नीट वाचली तेव्हा कळले की मिक्सरला आठ माइक लागत असले, तरी स्वस्तातले पुष्कळसे मिक्सर संगणकाला देतात ते शेवटचे मिश्रण. डावा आणि उजवा असे दोनच प्रवाह. कालवलेल्या वरणभातातून भात कसा निवडणार?

१९०२ साली फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करायला आला, तेव्हा ना माइक होता ना वीज. कर्ण्यासमोर गायचे. त्या काळी कोणाचा आवाज किती, हे कोण कर्ण्याच्या किती जवळ यावरच ठरे, आणि एकदा मेणावर उमटले ते उमटले. संगणक पुढ्यात असून आम्ही त्याच सालात जाऊन बसलो होतो.

यावरही तोड आहे. आत्याच्या पट्टीची पॅन नावाची खुंटी पूर्ण डावीकडे फिरवायची, पेटीची पूर्ण उजवीकडे. दोन प्रवाहांत दोघे सुटे राहतात. मेळ नंतर सावकाश घालता येतो. दुसऱ्या दिवशी तसे केले आणि झकास झाले. मी आत्याला म्हटले, "आता ती कालची ओवी म्हण ना, बाबांची."

"ती व्हय?" लाटणे फिरवत ती म्हणाली. "ती कालच्या दळणाची."

आणि दुसऱ्याच ओव्या म्हणू लागली. पंधरा दिवसांत ती ओवी पुन्हा आली नाही. मीही फार आग्रह केला नाही. पुढच्या खेपेला म्हणेल, असे धरून चाललो. ती खेप आली नाही.

हल्ली मिसळलेल्या आवाजातून गाणे आणि वाद्य वेगळे करणारे प्रोग्रॅम निघाले आहेत. मुलीने मागच्या दिवाळीत तो प्रयोग केला. पेटी बरीचशी गेली, पण तिच्याबरोबर आत्याच्या आवाजाची खरखरही गेली. शब्द कळतात, पण पाण्याखालून कुणी बोलावे तशी ती वाटते. मी दोन्ही प्रती ठेवल्या आहेत. ऐकतो ती पेटीवालीच.

आपल्या घरी अशी आजी, आत्या, मावशी असेल तर थोडे सांगतो. मिक्सर घेण्याआधी तो संगणकाला किती प्रवाह सुटे देतो, हे दुकानदाराला विचारा. एक मिनिट मुद्रण करून ते पूर्ण ऐका आणि मगच माणसाला बसवा. साथीची हौस आवरा. मूळ मुद्रण दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि मिक्सर घ्यायला दिवाळीच्या बोनसची वाट पाहावी लागणार असेल, तर हातातला मोबाइल फोन पुढ्यात ठेवून आज संध्याकाळीच बसा. तोही पुष्कळ चांगले टिपतो.

आमच्या दुसऱ्या दिवसाच्या मुद्रणात एका जागी शेजारच्या स्वयंपाकघरातला मिक्सर घरघरतो. मुलगी म्हणाली, "बाबा, हे काढून टाकू?" मी नको म्हटले. तो ऐकून आत्या मध्येच थांबते आणि विचारते, "तुझा तो मिक्सर, त्यो ह्योच का?"