तेराव्यानंतरचे दिवस

गावात कुणाचा घरधनी गेला की तेरा दिवस ते घर रिकामं राहत नाही. शेजारच्या बायका भाकरी-कालवण आणून ठेवतात, भाऊबंद ओट्यावर बसून असतात, सोयरेधायरे दुखवट्याचा आहेर घेऊन येतात. दहाव्याला कावळा शिवतो, तेराव्याचं जेवण उरकतं आणि पाहुणे आपापल्या एसटीला लागतात. माणसं आपापल्या शेताकडे वळतात तेव्हा त्या घरातल्या बाईचं खरं दुःख कुठे सुरू झालेलं असतं. समुपदेशकाचं काम बहुतेक वेळा इथून पुढे असतं.

2021च्या उन्हाळ्यात अनेक घरांना हे तेरा दिवससुद्धा नीट मिळाले नाहीत. कोविडनं गेलेल्यांचे मृतदेह घरी आले नाहीत, शेवटचं तोंड पाहता आलं नाही, भेटायला येणारी माणसं उंबऱ्याबाहेर थबकली. त्या वर्षी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोल्याचे शिक्षक-कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांनी सहकाऱ्यांना घेऊन कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीचं काम उभं केलं. अकाली विधवा झालेल्या तरुण बायकांचा प्रश्न त्यांनी सरकारपुढे लावून धरला. ऑगस्ट 2021मध्ये राज्य सरकारनं ‘मिशन वात्सल्य’ सुरू केलं आणि तालुक्या-तालुक्यात त्यासाठी समित्या झाल्या. या कामाचा भर निवेदनं, अर्ज, दाखले आणि योजनांवर होता. मानसशास्त्राशी त्याचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

दुःखाच्या पाच पायऱ्या अनेकांनी ऐकलेल्या असतात: नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969मध्ये त्या मांडल्या, पण मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख अशा पायऱ्यांनी शिस्तीत उतरत नाही. सकाळी सावरलेली बाई संध्याकाळी एखादी चप्पल दिसली म्हणून कोसळते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी 1999मध्ये मांडलेलं सूत्र आपल्याकडच्या अनुभवाला जास्त जवळचं वाटतं. त्यांच्या मते दुःखातला माणूस दोन कामांमध्ये येरझाऱ्या घालत असतो. एक काम गेलेल्याची आठवण काढण्याचं, रडण्याचं, हळहळण्याचं. दुसरं नव्यानं अंगावर पडलेला संसार ओढण्याचं. दोन्ही लागतात आणि मधे विसावाही लागतो. माणूस कुठल्याही एकाच कामात अडकून पडला, तर अवघड होऊन बसतं.

समजा, पाथर्डी तालुक्यातली पस्तिशीची एक बाई आहे. नवरा ऊसतोडीला गेला होता, तिकडेच अपघातात गेला. दोन पोरं, थकलेली सासू, सोसायटीचं कर्ज. समुपदेशक ताई पहिल्यांदा घरी येतात, चटईवर बसतात आणि म्हणतात, “दादांबद्दल सांगाल का काही?” आतापर्यंत आलेला प्रत्येक जण “रडू नको, पोरांकडे बघ” असं सांगून गेलेला असतो. नवऱ्याविषयी कुणी विचारलेलंच नसतं. बाई त्याचं नाव घेत नाही, ‘पोरांचे पप्पा’ म्हणते. बैलांना तो कसा जपायचा, चहात साखर किती घालायचा, असं काहीबाही सांगू लागते. मधेच थांबते. ताईही गप्प राहतात. ही गप्प राहण्याची सवय शिकावी लागते आणि प्रशिक्षणात तीच सगळ्यांत जड जाते.

मग हमखास एक वाक्य येतं: “त्या दिवशी मी जाऊ नका म्हटलं असतं तर...” अशा वेळी “तुमचा काय दोष” असं लगेच म्हणून टाकण्याचा मोह होतो. त्यानं बाईचं तोंड बंद होतं, मनातली टोचणी तशीच राहते. जाणता समुपदेशक विचारतो, “त्या दिवशी सकाळी तुम्हाला काय काय माहीत होतं?” पिशवी भरून दिली होती, मुकादमाचा फोन आला होता, नेहमीसारखाच दिवस होता. आज जे कळतंय ते त्या सकाळी कुणालाच ठाऊक नव्हतं, हे बाई स्वतःच्या तोंडानं सांगते. घरातल्या माणसानं आत्महत्या केली असेल, तर ही टोचणी कितीतरी खोल असते आणि हाच प्रश्न पुन्हा पुन्हा, सावकाश विचारावा लागतो.

पुढच्या भेटीत कागद निघतात. मृत्यूचा दाखला मिळाला का? सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली का? संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला का? दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून 20,000 रुपये मिळतात, हे सांगितलंय का कुणी? ताई तिच्याबरोबर तलाठ्याकडे जातात. नवऱ्याच्या नावाआधी ‘मयत’ लिहिलेलं पाहून बाईला तिथेच रडू फुटतं. स्ट्रोब आणि शूट यांची दोन्ही कामं अशी एकाच बाकावर होतात. म्हणूनच एकल महिलांसाठीच्या त्या अर्ज-दाखल्यांच्या कामाला मानसोपचाराबाहेरचं म्हणता येत नाही.

समुपदेशक वहीत काही तारखाही टिपून ठेवतात. पहिला पोळा, पहिली दिवाळी, पोराचा दहावीचा निकाल, वर्षश्राद्ध. सावरलेलं माणूस या दिवशी पुन्हा ढासळू शकतं. ते आधी सांगितलेलं असलं की “मला वेड लागतंय का?” ही भीती उरत नाही.

विचारांच्या अंगानं जाणारी एक वाट महाराष्ट्रात चांगली रुळली आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतून ती घराघरांत पोचली. दुःख होणारच, ते निरोगी आहे, असं ही पद्धत मानते. ‘आता माझ्या जगण्यात काहीच उरलं नाही’ हा निष्कर्ष मात्र ती तपासायला लावते. हे काम फार लवकर करू नये. पहिल्या आठवड्यात कुणाचे विचार तपासायला बसणं निर्दयपणाचं ठरेल.

पण प्रत्येक तालुक्यात मानसशास्त्रज्ञ कुठून आणायचे? अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच जामखेडनं अशा प्रश्नाचं उत्तर आरोग्याच्या बाबतीत फार आधी दिलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970मध्ये तिथे आले आणि गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, दलित होत्या. औषधपाण्याइतकाच त्यांच्या आत्मविश्वासावर भर दिला गेला. आरोळे दांपत्याला 1979मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेड भागातल्या बायकांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास 2007मध्ये प्रसिद्ध झाला. मनाच्या आरोग्याविषयी बोलताना या बायका मारहाण, पैशाची ओढाताण, नवऱ्याशी आणि सासूशी असलेलं नातं यांविषयीच बोलल्या. मन आणि घर त्यांनी वेगळं काढलंच नाही.

याच जामखेड तालुक्यात चौंडी आहे, अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. 1754मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले. सासरे मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केलं आणि कारभारात आणलं, असं सांगतात. पुढे 1766मध्ये मल्हारराव गेले, 1767मध्ये मुलगा मालेराव गेला. जिल्ह्यानं ज्यांचं नाव घेतलं, त्यांच्या जिल्ह्यात विधवेला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर आजही घराघरांत कुजबुज व्हावी हे बोचतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे 2022मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. जोडवी-मंगळसूत्र ओरबाडून काढण्याचा प्रसंग टळला, तरी समुपदेशकाचं निम्मं काम हलकं होतं.

डॉक्टर नसलेल्या माणसांनी हे काम करणं कितपत भरवशाचं? गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं ते मोजून पाहिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांचा हा अभ्यास 2017मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांच्या भेटी ज्यांना मिळाल्या, त्यांच्यातले 64 टक्के तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले, इतरांमध्ये हे प्रमाण 39 टक्के होतं. शोक आणि नैराश्य एकच नव्हेत, तरीही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आशा ताईंना आणि आरोग्यसेविकांना असं प्रशिक्षण, त्यासाठी वेगळा वेळ आणि वेगळं मानधन का मिळू नये? आहे त्या कामाच्या ओझ्यावर आणखी एक नोंदवही टाकून हे होणार नाही.

अशा समुपदेशकाला आपली हद्दही ठाऊक हवी. सहा महिने उलटून गेले, आपल्या रीतीरिवाजात अपेक्षित असतं त्यापेक्षा दुःख फार तीव्र आहे आणि रोजचं जगणंच ठप्प झालंय, तर त्याला दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाचा विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतो. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर एक दिवसही थांबू नये. “जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा माणसाला एकटं सोडू नये, जिल्हा रुग्णालयात न्यावं. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतूनही बोलता येतं. स्वतः त्या माणसाला फोन लावणं जमत नसेल, तर घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी लावला तरी चालतो.