नावाचा वाद आणि भाषेचा श्वास

पणजीहून जुन्या गोव्याकडे जाताना वाटेत रायबंदर लागते. तेथील सेंट मेरी सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पाद्री आल्वारिस ह्यांची समाधी आहे. रोमच्या चर्चपासून दुरावलेल्या ह्या गोमंतकीय धर्मगुरूंना १८८९ साली केरळातील कोट्टायम येथे ‘मार ज्युलियस’ ह्या नावाने बिशपपद देण्यात आले. हयातभर रोग्यांची व दीनदुबळ्यांची सेवा करून २३ सप्टेंबर १९२३ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या बिशपपदास अंतिओखच्या पॅट्रिआर्कची अनुज्ञा होती आणि त्या पॅट्रिआर्कचे पीठ त्या काळी आजच्या तुर्कस्तानातील मार्दिन शहराजवळच्या देर-उल-जाफरान मठात होते. रायबंदरच्या त्या समाधीचा धागा असा थेट मार्दिनच्या डोंगरांपर्यंत पोचतो. त्या डोंगरांतील माणसे आज कोठे आहेत, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस अगदीच परका वाटू नये.

मार्दिनच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखाला ‘तुर अब्दीन’ म्हणजे ‘ईश्वरसेवकांचा पर्वत’ असे नाव आहे. तेथील मोर गॅब्रिएल मठाची स्थापना इसवी सन ३९७ मधील. ह्या प्रदेशातील ख्रिस्ती लोक अरामी भाषेच्या कुळातील ‘तुरोयो’ ही बोली बोलत आले. प्राचीन निनेवेच्या असिरियन साम्राज्याशी नाते सांगणाऱ्या ह्या लोकांना राज्य असे नव्हतेच. शेती, द्राक्षमळे, कारागिरी आणि चर्च एवढाच त्यांचा संसार. १९१५ साली उस्मानी राजवटीत तोही उद्ध्वस्त झाला. त्या वर्षाला ते लोक ‘सेफो’ म्हणतात. सेफो म्हणजे तलवार. किती माणसे मारली गेली ह्याचे अंदाज दीड लाखापासून तीन लाखांपर्यंत आहेत. अनेक गावांत रडायलाही कोणी उरले नाही.

जे उरले त्यांच्या वाट्याला नवे तुर्की प्रजासत्ताक आले. १९२३ च्या लोझान तहान्वये बिगर मुस्लिम अल्पसंख्याकांना संरक्षण मिळाले खरे. परंतु प्रत्यक्षात ते ग्रीक, आर्मेनियन व ज्यू ह्यांच्यापुरतेच मानले गेले. ह्या लोकांना आपल्या भाषेच्या शाळा मिळाल्या नाहीत; त्यांच्या गावांची नावेही बदलली गेली. पुढे १९८४ पासून तुर्की लष्कर आणि कुर्दी बंडखोर ह्यांच्या संघर्षात ही गावे दोन जात्यांमध्ये सापडल्यासारखी भरडली गेली. माणसांनी घरांना कुलपे लावली आणि वाट धरली.

त्यांपैकी फार मोठ्या संख्येने लोक जेथे जाऊन स्थिरावले ते स्टॉकहोमच्या नैर्ऋत्येस असलेले स्वीडनमधील सॉदरतेल्ये हे औद्योगिक शहर होय. १९६७ साली स्वीडनने लेबाननमधील सुमारे दोनशे राज्यहीन निर्वासितांना आश्रय दिला आणि त्यांच्यातील काही कुटुंबे ह्या शहरात उतरली. स्कॅनियाच्या मोटार कारखान्यात हातांची गरज होती. मग पुतण्यामागून काका, गावामागून गाव अशी रीघ लागली. आज एक लाखाच्या आसपास वस्तीच्या ह्या शहरात त्यांची संख्या हजारोंनी मोजावी लागते.

निर्वासिताला पोट भरण्याची सोय लवकर लागते. मनाची सोय लागावयास वेळ लागतो. ह्या समाजाने ती स्वतः लावून घेतली. १९७४ साली त्याने ‘असिरिस्का’ हा फुटबॉल संघ उभारला. १९७८ पासून ‘हुयादा’ म्हणजे ‘ऐक्य’ ह्या नावाचे नियतकालिक चालविले. १९८३ मध्ये संत अफ्रेम ह्यांच्या नावाचे चर्च उभे राहिले. २००५ साली असिरिस्का संघ स्वीडनच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत खेळला, तेव्हा देशोदेशी विखुरलेल्या असिरियन लोकांना आपल्या राष्ट्राचाच संघ मैदानात उतरल्यासारखे वाटले. ज्यांना ध्वज फडकविण्यास भूमी नाही, त्यांना फुटबॉलचे मैदानही पुरते.

सार्वजनिक जीवनातही ही माणसे मागे राहिली नाहीत. तुर अब्दीनमध्ये जन्मलेले आणि बालपणीच स्वीडनला आलेले इब्राहिम बायलान पुढे त्या देशाचे मंत्री झाले. ११ मार्च २०१० रोजी स्वीडनच्या संसदेने १९१५ चा संहार हा वंशसंहार असल्याचे मान्य केले, ते १३१ विरुद्ध १३० अशा अवघ्या एका मताने. ज्यांच्या आजोबांची साक्ष कोणी नोंदविली नव्हती, त्यांच्या नातवंडांच्या डोळ्यांदेखत ती एका राष्ट्राच्या संसदेत नोंदली गेली. इराक युद्धानंतर तेथून पळालेल्या ख्रिस्ती बांधवांनाही ह्याच शहराने जवळ केले. आमच्या एका शहराने अमेरिका व कॅनडा ह्या दोन्ही देशांहून अधिक इराकी निर्वासित घेतले आहेत, असे शहराचे प्रमुख आंदेर्श लागो ह्यांनी २००८ साली अमेरिकी काँग्रेसपुढे जाऊन सांगितले होते.

हे सारे गौरवास्पद आहे. परंतु चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. रोन्ना, हव्शो ह्या वस्त्यांतून मूळ स्वीडिश कुटुंबे हळूहळू निघून गेली. शेजार तुटला, आणि टोळ्यांच्या गुन्हेगारीचे खटलेही ह्या शहराने पाहिले. त्याहून खोल जखम आहे ती नावाची. आपण ‘असिरियन’ की ‘सिरियाक’? प्राचीन साम्राज्याचे वारस की चर्चची लेकरे? ह्या प्रश्नावरून एकाच गावातून आलेली, एकच बोली बोलणारी, एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसे दुभंगली. १९७७ मध्ये ‘सिरियान्स्का’ हा प्रतिस्पर्धी फुटबॉल संघ निघाला. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या दोन झाल्या. एकाच चर्चचे बिशपही दोन झाले. बिचाऱ्या स्वीडिश सरकारने दोन्ही नावांमध्ये एक तिरपी रेघ मारून ‘असिरियर/सिरियानर’ असे लिहावयास प्रारंभ केला! ती तिरपी रेघच जणू ह्या समाजाची सीमारेषा होऊन बसली.

नाव क्षुल्लक असते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे गावही परक्यांनी पुन्हा नामकरण करून हिरावले, त्याला आपल्या नावाचे मोल अधिक कळते. तलवारीने मात्र कोणालाही असिरियन की सिरियाक असे विचारले नव्हते. आणि जे काम तलवारीला पुरते जमले नाही, ते आज सुखवस्तू घरांत निमूटपणे होत आहे. स्वीडनने १९७७ च्या सुधारणेने शाळेत मातृभाषेच्या शिकवणीची सोय केली. आजवर मुख्यतः बोलण्यातच जगलेल्या तुरोयोसाठी लॅटिन लिपीत पाठ्यपुस्तकेही सिद्ध करविली. परके सरकार एखाद्या बोलीसाठी ह्याहून अधिक ते काय करणार? तरीही युनेस्कोने तुरोयोची गणना गंभीर संकटात सापडलेल्या भाषांत केली आहे. आजी तुरोयोत विचारते, नातू स्वीडिशमध्ये उत्तर देतो. त्या दोघांमधील अंतर कोणतेही सरकार भरून काढू शकणार नाही.

तुर अब्दीनमधील काफ्रो गावात २००६ पासून युरोपातील काही कुटुंबे परत गेली. पडक्या भिंतींशेजारी त्यांनी नवी घरे बांधली. परंतु थोडी माणसे परतली म्हणजे समाज परतला असे होत नाही. सॉदरतेल्येच्या स्वयंपाकघरातच ही भाषा जगेल किंवा मरेल.

ह्या दूरच्या कथेत आम्हां गोमंतकीयांना आपला चेहरा दिसावयास हरकत नाही. भाषेचे नाव, लिपी आणि मान ह्यांवरून आमच्याकडेही घरे दुभंगली आहेत. ते वाद खोटे नव्हते. पण वाद घालण्याच्या भरात आपण घरात मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो, हे पाहावयाचे राहून जाते. नावाचा निकाल उद्याही लावता येईल. ओठांवरून गेलेली भाषा उद्या परत आणता येत नाही. सॉदरतेल्येच्या असिरियनांना आणि सिरियाकांना हे वेळेवर उमगो, अशी सदिच्छा आम्ही व्यक्त करतो. आणि तीच सदिच्छा स्वतःसाठीही राखून ठेवतो.