आधी विहीर, मग रोप

जुलै २०२३मध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो तोडणीचा खर्चही निघेना म्हणून शेतकऱ्यांनी फेकून दिला. टोमॅटोचे रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस लागतात आणि लागवडीपासून पहिल्या तोड्यापर्यंत साधारण दोन महिने. जुलैतला भाव पाहून टाकलेले बी बाजार गाठते ते ऑक्टोबरात. म्हणून नांदेड-लातूरच्या रोपवाटिकेने कोणती रोपे करायची, हे आडतीवरच्या भावाने नव्हे, गिऱ्हाइकाच्या विहिरीतल्या पाण्याने ठरवावे.

लातूरला २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तो दुष्काळ टोकाचा होता, पण चांगल्या वर्षीही पुष्कळ विहिरी-बोअर उन्हाळ्याआधीच तळ गाठतात. सोयाबीन निघून रान मोकळे होते ऑक्टोबरात. तेव्हा लावलेली कोबी अडीच-तीन महिन्यांत काढून होते, म्हणून विहिरीवरच्या गावांसाठी कोबी-फ्लॉवरची रोपे सप्टेंबरातच ट्रेमध्ये हवीत. वांगी आणि मिरची कित्येक महिने तोडे देतात, पण तितके महिने पाणीही मागतात. ती रोपे विष्णुपुरी प्रकल्पाच्या पाण्यावरच्या, गोदाकाठच्या गावांसाठी ठेवावीत. धर्माबादच्या बाजारामुळे मिरचीची ओढ या भागात जुनीच. पण तिचे रोप ३५ ते ४० दिवसांचे लागते. जूनअखेरच्या लागवडीसाठी बी मे महिन्याच्या उन्हातच टाकावे लागते आणि बारीक जाळी नसेल तर चुरडा-मुरडा रोपाबरोबरच शेतात पोचतो. भेंडी, गवार, मेथी यांच्यासाठी ट्रे अडवू नयेत. ‘परभणी क्रांती’ भेंडी याच मातीतल्या विद्यापीठाची, पण तिचे बी थेट रानातच टोकलेले बरे.

यावर कोणी म्हणेल, शेतकरी तर भाव चढलेल्या पिकाचेच रोप मागतो. मागू द्यावे, पण विसार घेऊनच बी टाकावे. चार बाय दीड फुटांवर एकरी सुमारे ७,२६० रोपे, म्हणजे ९८ कप्प्यांचे ७५ ट्रे, मरतुक वेगळी. गिऱ्हाईक फिरले तर आठ-दहा दिवसांत मुळे कप्प्यात गुंडाळतात आणि सगळा माल वाया जातो. दुसरी शंका बाहेरच्या मोठ्या रोपवाटिकांच्या स्वस्ताईची. लाखाच्या ऑर्डरीत त्यांच्याशी टक्कर देता येणार नाही, हे खरेच. पण पाऊस लांबला तर चार दिवस थांबणे आणि पाव एकरापुरती काटेरी वांग्याची रोपे देणे जवळच्यालाच जमते. अहिल्यादेवी रोपवाटिका योजनेतून २०२०पासून शेडनेटला निम्मे अनुदान मिळू लागले. मागणीचा अंदाज मात्र ज्याचा त्यानेच बांधायचा आहे. त्यासाठी नोंदवहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे एक रकाना हवा: पाणी कोणत्या महिन्यापर्यंत.