फुकट टेलिफोन आणि एक साधा अर्ज



टेलिफोन ही वस्तु चैनीची कीं गरजेची, असा प्रश्न एके काळीं आपल्याकडे सुशिक्षित घरांतही विचारला जात असे. ज्या बिऱ्हाडीं टेलिफोन असे तेथें शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही निरोप येत, आणि "जरा बोलावतां का?" हे शब्द कानीं पडतांच घरांतलें कोणी तरी जिना उतरून धांवत जाई. आज तो प्रश्न कोणी विचारीत नाहीं. परंतु संपन्न म्हणून ज्या देशाचें नांव आपण घेतों त्या अमेरिकेंत तो सरकारपुढें उभा राहिला होता, आणि १९८५ सालीं त्याचें उत्तर दिलें गेलें. टेलिफोन ही गरज आहे, आणि ज्याला ती परवडत नाहीं त्याच्या खर्चाचा थोडा भार इतरांनीं उचलावा, असें तें उत्तर होतें. या योजनेचें नांव 'लाइफलाइन', म्हणजे जीवनदोरी. ती कोणाला मिळते, तिच्यासाठीं अर्ज कसा करावा आणि अर्जदार कोठें अडखळतो, हें आज आपल्याला सांगावयाचें आहे.

प्रथम गरज कशी असते तें पाहूं. समजा, शिकागो शहरांत एक विधवा बाई आहे. दिवसा ती एका उपाहारगृहांत भांडीं घासते आणि अधिक तासांचें काम मिळावें म्हणून तिनें दोन ठिकाणीं नांव नोंदविलें आहे. कामाचें बोलावणें टेलिफोनवर येणार; मुलाच्या शाळेचा निरोप, दवाखान्यांतली वेळ, घरमालकाची सूचना, हीं सारीं टेलिफोनवरच येणार. एका महिन्यास पैसे भरावयाचे राहिले आणि टेलिफोन बंद पडला, तर कामाचें बोलावणें चुकतें. काम चुकलें म्हणजे पुढल्या महिन्यासही पैसे नसतात. हें रहाटगाडगें थांबविण्यास फार मोठी रक्कम लागत नाहीं. लागते ती वेळेवर आणि नियमानें पोहोंचणारी लहानशी मदत.

ही मदत निघाली कशी, याची हकीकत उद्बोधक आहे. देशांतील सर्व लोकांना शक्य तोंवर वाजवी दरांत संदेशवहनाची सोय मिळावी, हा हेतु अमेरिकेच्या १९३४ सालच्या दळणवळण कायद्यांतच नमूद आहे. पुढें कित्येक वर्षें 'बेल' या नांवानें ओळखली जाणारी एकच अवाढव्य कंपनी देशाचा बहुतेक टेलिफोन-व्यवहार सांभाळी. परगांवीं बोलणाऱ्याकडून ती अधिक पैसे घेई आणि त्या जोरावर गांवांतल्या गांवांतील टेलिफोन स्वस्त ठेवी. १ जानेवारी १९८४ रोजीं ती कंपनी विभागली गेली. स्पर्धा आली, परगांवचे दर उतरूं लागले. परंतु घरच्या जोडणीवर दरमहा एक नवा ठराविक आकार बसणार असें ठरलें. तो सोसवेनासा होऊन गरीब कुटुंबें टेलिफोनच काढून टाकतील, अशी भीति उत्पन्न झाली. म्हणून रोनाल्ड रेगन अध्यक्ष असतांना संघराज्याच्या दळणवळण आयोगानें ही सवलत सुरू केली. १९९६ च्या कायद्यानें तिला भक्कम आधार दिला. २००५ सालीं स्वतःचे मनोरे नसलेल्या मोबाइल कंपन्यांनाही योजनेंत येण्याची वाट मोकळी होऊं लागली, आणि २०१६ सालीं इंटरनेटचाही तींत समावेश झाला. बराक ओबामा यांच्या कारकीर्दींत अशा मोबाइलांचा बराच बोलबाला होऊन त्यांना 'ओबामा फोन' हें नांव पडलें. परंतु योजना त्यांच्या आधीं जवळजवळ पाव शतक जन्मलेली होती.

पैसा कोठून येतो, हें कोणीही विचारील. टेलिफोन कंपन्या आपल्या उत्पन्नाचा कांहीं भाग सार्वत्रिक सेवा निधींत भरतात आणि बहुधा तो आपल्या ग्राहकांच्या बिलांतून वसूल करून घेतात. म्हणजे ज्याच्या घरीं टेलिफोन आहे तोच, ज्याच्या घरीं नाहीं त्याला हातभार लावतो. ही पद्धति घटनेस धरून नाहीं असा आक्षेप घेऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. जून २०२५ मध्यें न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं ती वैध ठरविली.

आतां 'फुकट' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊं. सरकार कोणाच्या हातांत टेलिफोन ठेवीत नाहीं. तें प्रत्येक पात्र कुटुंबामागें महिन्यास ९.२५ डॉलरपर्यंत रक्कम कंपनीला देतें, आणि कंपनी तेवढी बिलांतून कमी करते. केवळ बोलण्याचीच सेवा घेतली, तर ही रक्कम ५.२५ डॉलर असते. मूळ रहिवाशांच्या, म्हणजे आदिवासी जमातींच्या भूमीवर राहणाऱ्यांस ३४.२५ डॉलरपर्यंत सवलत मिळते. कित्येक मोबाइल कंपन्या या रकमेंतच बसेल अशी सेवा देतात. मग ग्राहकास बिलच येत नाहीं, आणि लोक तिला फुकट म्हणतात. यंत्र देणें न देणें कंपनीच्या मर्जीवर असतें.

पात्रतेचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग उत्पन्नाचा. सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या १३५ टक्क्यांपर्यंत ज्या घराचें उत्पन्न आहे तें घर पात्र ठरतें. २०२५ सालच्या आंकड्यांप्रमाणें ही मर्यादा एकट्या माणसास वर्षाला सुमारें २१,१०० डॉलर व चार माणसांच्या घरास सुमारें ४३,४०० डॉलर होते. अलास्का आणि हवाई येथें ती याहून जास्त आहे. दुसरा मार्ग सोपा आहे. घरांतील कोणालाही अन्नसाहाय्य, 'मेडिकेड' नांवाची वैद्यकीय मदत, वृद्ध व अपंगांस मिळणारें पूरक उत्पन्न, सरकारी गृहसाहाय्य किंवा माजी सैनिकांचें गरजेवर आधारलेलें निवृत्तिवेतन मिळत असेल, तर उत्पन्नाचा वेगळा हिशेब द्यावा लागत नाहीं. एका मदतीचा पुरावा दुसऱ्या मदतीस चालतो.

मात्र सवलत घरामागें एकच. घर म्हणजे एक छप्पर नव्हे. जीं माणसें एकत्र राहतात आणि उत्पन्न व खर्च एकत्र करतात, त्यांचें तें एक घर. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ज्यांची चूल एक, त्यांचें घर एक. एकाच पत्त्यावर दोन चुली असतील तर दोन सवलती मिळूं शकतात. परंतु त्यासाठीं एक जादा कागद भरून तसें लिहून द्यावें लागतें.

अर्ज राष्ट्रीय पडताळणी यंत्रणेकडे जातो. तो इंटरनेटवरून भरतां येतो, टपालानें धाडतां येतो, किंवा टेलिफोन कंपनीमार्फतही करतां येतो. त्यांत पूर्ण नांव, जन्मतारीख, राहण्याचा पत्ता आणि सामाजिक सुरक्षा क्रमांकाविषयींचा तपशील द्यावयाचा असतो. यंत्रणा प्रथम सरकारी नोंदी स्वतःच ताडून पाहते. तेथें जुळलें नाहीं तरच पुरावा मागितला जातो: मदत मंजूर झाल्याचें पत्र, गेल्या वर्षाचें करपत्रक, किंवा लागोपाठ तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या. मंजुरी आली म्हणजे काम संपलें असें नव्हे. त्यानंतर नव्वद दिवसांच्या आंत एखादी कंपनी निवडून तिच्याकडे नांव घालावें लागतें. अर्जास फी नाहीं. फी मागणारा मनुष्य भेटला, तर तो या योजनेचा नव्हे असें खुशाल समजावें. आणि खोटें लिहून देणाऱ्यास दंड व तुरुंग दोन्ही होऊं शकतात.

इतकें सोपें असतांना माणसें अडखळतात कोठें? आपल्या शिकागोच्या बाईकडे परत जाऊं. अन्नसाहाय्याच्या पत्रावर तिचें माहेरचें आडनांव आहे आणि ओळखपत्रावर सासरचें. यंत्राला दोन नांवें म्हणजे दोन माणसें. अर्ज परत येतो. नांव जुळल्याचा कागद जोडून ती पुन्हां अर्ज करते आणि सवलत मिळते. वर्ष सरतें. अजून पात्र आहांत काय, याची पडताळणी दर वर्षीं होते. यंत्रणेला स्वतः खात्री करतां आली नाहीं, तर अर्जदारास पत्र जातें आणि साठ दिवसांत उत्तर द्यावें लागतें. मधल्या काळांत बाईनें खोली बदलली, नवा पत्ता कळविण्याचें राहून गेलें, आणि तें पत्र जुन्या दारांत पडून राहिलें. साठ दिवस उलटले, सवलत गेली. तिची गरिबी तेवढीच होती; चुकलें होतें एक उत्तर. आणखी एक अट आहे. ज्या सेवेचें बिल येत नाहीं ती तीस दिवस मुळींच वापरली नाहीं, तर सूचना मिळते आणि पुढें पंधरा दिवसांतही वापर न झाल्यास ती बंद होते. दवाखान्यांत दीड महिना पडून राहिलेल्या एकट्या वृद्धाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी.

या अटी निर्दयपणानें घातल्या आहेत असें मात्र नव्हे. एकाच माणसानें दोन दोन सवलती घ्याव्या, कंपन्यांनीं वापरांत नसलेल्या टेलिफोनांचे पैसे उकळावे, असे प्रकार घडूं लागल्यावर २०१२ सालीं नियम कडक करण्यांत आले. पैसा लोकांचा आहे. त्याचा चोख हिशेब हवाच. परंतु लबाडास अडविण्यासाठीं घातलेल्या कुंपणाचे कांटे अनेकदां भोळ्या माणसालाच लागतात. याच योजनेंत एक माणुसकीची तरतूदही आहे. २०२२ सालच्या एका कायद्यानें, घरांतल्या छळाला कंटाळून बाहेर पडलेल्या आणि हलाखींत असलेल्या व्यक्तीस नेहमींहून सैल अटींवर सहा महिनेपर्यंत ही सवलत मिळूं शकते. जिच्या टेलिफोनवर छळणाऱ्याची नजर असते तिला स्वतःचा टेलिफोन म्हणजे खरोखरच जीवनदोरी होय.

येथें एक गल्लत टाळावी. इंटरनेटच्या बिलांत महिन्यास तीस डॉलरपर्यंत सूट देणारी दुसरी एक योजना अमेरिकेंत होती. ती निधि संपल्यामुळें १ जून २०२४ रोजीं बंद झाली. ती लाइफलाइन नव्हे.

आपल्या देशानेंही असा निधि उभारला. २००२ पासून अंमलांत आलेला सार्वत्रिक सेवा दायित्व निधि टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नांतूनच भरला जाई. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें त्याला 'डिजिटल भारत निधि' हें नांव मिळालें. आरंभीं त्याचा मोठा भर खेड्यांतील सार्वजनिक टेलिफोनावर होता. आपण गांवास एक टेलिफोन द्यावयास निघालों, अमेरिका घरास एक. गांवच्या टेलिफोनासाठीं कोणाला अर्ज करावा लागत नाहीं. घरच्यासाठीं प्रत्येकास करावा लागतो. म्हणून तेथें अर्ज लिहिणाऱ्या हाताला एवढें महत्त्व आहे.

तें महत्त्व आपल्याकडेही थोडें नाहीं. शिधापत्रिका, निराधारांचें अनुदान, विधवेचें निवृत्तिवेतन, मुलांची शिष्यवृत्ति, हें सारें अर्जावरच मिळतें. पूर्वीं कचेरीच्या दारांत अर्ज लिहून देणारे बसत. आज तें काम सुशिक्षित घरांनीं करण्यासारखें आहे. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईच्या किंवा इमारतीच्या पहारेकऱ्याच्या हातीं असा एखादा कागद दिसला, तर अर्धा तास त्यांच्याजवळ बसावें. सर्व कागदांवर नांव एकच आहे ना तें पाहावें, खरें तेवढेंच लिहावें, अर्जाची एक प्रत त्यांच्यापाशीं ठेवावी, आणि पुन्हां उत्तर केव्हां द्यावयाचें ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत मांडून द्यावी. शिकागोच्या त्या बाईला सवलतीइतकीच अशा शेजाऱ्याची गरज होती.