औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्रातील तज्ज्ञता आणि संशोधन (अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात)

औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र ही कामाच्या ठिकाणी होणाऱ्या मानवी वर्तनाचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची उपयोजित शाखा आहे. कर्मचाऱ्यांची निवड, प्रशिक्षण, कार्यमूल्यमापन, प्रेरणा, कार्यसमाधान, नेतृत्व, अपघात, थकवा आणि पाळीपद्धतीचे परिणाम हे तिचे प्रमुख विषय होत. कार्मिक व्यवस्थापनाशी तिचा जवळचा संबंध असला तरी दोन्ही एक नव्हेत. व्यवस्थापकाला निर्णय घ्यायचा असतो, तर मानसशास्त्रज्ञाला तो निर्णय ज्या मापनावर उभा आहे ते मापन विश्वासार्ह आहे की नाही हे तपासायचे असते.

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४मध्ये अहिल्यानगर असे झाले. या शाखेच्या दृष्टीने हा जिल्हा लक्षणीय आहे, कारण कामाचे अगदी भिन्न प्रकार येथे शेजारी शेजारी आढळतात. शहरालगत नागापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि पारनेर तालुक्यात सुपे येथील नवी वसाहत आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहनविषयक प्रयोगशाळा याच शहरात आहे. जिल्हाभर सहकारी साखर कारखाने असून पाथर्डी, जामखेडसारख्या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर होते.

== पार्श्वभूमी ==

ह्यूगो मुन्स्टरबर्ग यांचा औद्योगिक कार्यक्षमतेवरील ग्रंथ १९१३मध्ये इंग्रजीत आला. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोग १९२४ ते १९३२ या काळात झाले. त्यांतून कामगारांच्या परस्परसंबंधांकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले. भारतात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विद्यापीठीय विभाग १९१६मध्ये कलकत्ता येथे सुरू झाला. सैन्यातील अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी १९४३मध्ये डेहराडून येथे प्रायोगिक मंडळ स्थापन झाले. दिल्लीतील संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्थेचा उगम या मंडळात आहे.

या शाखेच्या इतिहासात जागतिक पातळीवर नोंदला गेलेला भारतीय प्रयोग त्या वेळच्या मुंबई राज्यात, अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस १९५३मध्ये तेथे आले. गिरणीत नवे स्वयंचलित माग बसले होते, परंतु अपेक्षित उत्पादन मिळत नव्हते आणि कापडातील दोषही कमी होत नव्हते. यंत्रे निर्दोष होती. दोष कामाच्या विभागणीत होता. एकाच विणकाम खात्यात अनेक प्रकारचे कामगार होते. प्रत्येकाकडे एक सुटे काम आणि कमीअधिक संख्येचे माग सोपवलेले असल्याने मागांच्या एखाद्या समूहाची पूर्ण जबाबदारी कोणाकडेच नव्हती. राइस यांनी ठरावीक मागांसाठी लहान गट सुचवले. कामगारांनी ही कल्पना तत्काळ उचलून आपापले गट स्वतःच बनवले. प्रारंभीच्या चढउतारांनंतर उत्पादन वाढले आणि दोष घटले. राइस यांचा या प्रयोगावरील ग्रंथ १९५८मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाचे पुढे काय झाले, हे पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितले जाते. एरिक मिलर यांनी १९७०मध्ये पुनर्पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९७५मध्ये प्रसिद्ध केले. एका ठिकाणी गटपद्धती बव्हंशी टिकून होती, तर अन्यत्र ती पुन्हा जुन्या रीतीकडे वळली होती. कार्यस्थळी केलेला बदल किती काळ टिकतो, याची उत्तरे इतक्या वर्षांनी परत जाऊन शोधणारे अभ्यास या शाखेत आजही थोडे आहेत.

== लार्सन अँड टुब्रो येथील मनुष्यबळ विकास पद्धती ==

नगरच्या औद्योगिक वसाहतीत २०२०पर्यंत स्विचगिअर निर्मितीचा कारखाना असलेल्या लार्सन अँड टुब्रो या कंपनीने १९७४मध्ये आपली कार्यमूल्यमापन पद्धती तपासण्यासाठी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना पाचारण केले. केवळ मूल्यमापनाचे कागद सुधारून भागणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कर्मचाऱ्याने गेल्या वर्षी काय केले आणि पुढे तो काय करू शकेल, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळ्या साधनांनी शोधली पाहिजेत आणि मूल्यमापनानंतर वरिष्ठाने कर्मचाऱ्याशी संवाद साधला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. त्यानुसार १९७५पासून कंपनीत स्वतंत्र मनुष्यबळ विकास विभाग सुरू झाला. आज जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या फलकावर दिसणारा ‘मनुष्यबळ विकास’ हा शब्दप्रयोग भारतात रूढ होण्यास येथून चालना मिळाली, मात्र नाव जितके पसरले तितकी त्यामागची पद्धती पसरली नाही. कंपनीचा विद्युत व स्वयंचलन व्यवसाय २०२०मध्ये श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला.

== तज्ज्ञतेचे स्वरूप ==

या शाखेतील तज्ज्ञतेचा गाभा मापन हा आहे. एखादी चाचणी पुन्हा दिली असता साधारण तोच निकाल येतो का, हा विश्वसनीयतेचा प्रश्न होय. ती जे मोजते असा दावा आहे तेच मोजते का, हा सप्रमाणतेचा. निवडचाचणीची सप्रमाणता उमेदवाराचे गुण आणि त्याची नंतरची प्रत्यक्ष कामगिरी यांच्या सहसंबंधावरून ठरवतात.

ही आकडेवारी अखेरची नसते. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८मध्ये पूर्वीच्या संशोधनांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात सामान्य बौद्धिक क्षमतेच्या चाचणीचा आणि संरचित मुलाखतीचा कामगिरीशी सहसंबंध प्रत्येकी ०.५१ इतका, तर असंरचित मुलाखतीचा ०.३८ इतका दिला होता. दोन दशकांहून अधिक काळ हे आकडे प्रमाण मानले गेले. निवड न झालेल्या उमेदवारांची कामगिरी कधीच कळत नसल्याने अशा विश्लेषणात गणिती दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती पूर्वी गरजेपेक्षा अधिक केली गेली, असे पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२मध्ये दाखवले. त्यांच्या फेरगणनेत संरचित मुलाखत ०.४२ या सहसंबंधासह पहिल्या स्थानी आली आणि बौद्धिक चाचणी खाली गेली. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देणे एवढाच संरचित मुलाखतीचा अर्थ आहे. ती खर्चिकही नाही. तरीही गप्पांच्या ओघात उमेदवार ‘पारखण्याची’ प्रथा लहानमोठ्या आस्थापनांत टिकून आहे.

दुसरा प्रश्न मानकांचा आहे. महानगरातील इंग्रजी माध्यमाच्या पदवीधरांवर प्रमाणित केलेली चाचणी श्रीरामपूर किंवा शेवगाव येथून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेल्या उमेदवाराला लावल्यास ती यांत्रिक कौशल्याऐवजी भाषेचे ज्ञान मोजण्याचा संभव असतो. केवळ मराठी भाषांतराने हा दोष जात नाही. प्रश्नांचे समायोजन, उलट भाषांतराने पडताळणी आणि स्थानिक नमुन्यावर नवी मानके अशी प्रक्रिया आवश्यक ठरते. हे काम वेळखाऊ असल्याने बहुधा टाळले जाते आणि त्याची किंमत नोकरी नाकारलेला उमेदवार मोजतो. चाचणीत दोष होता हे त्याला कधीच समजत नाही.

भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी चिकित्सालयीन व पुनर्वसन क्षेत्रातील मानसशास्त्रज्ञांसाठी आहे. औद्योगिक मानसशास्त्रज्ञाला तशी नोंदणी लागत नाही. त्यामुळे बाजारात मिळणारी एखादी व्यक्तिमत्त्व चाचणी कोणीही वापरू शकतो आणि चाचणीचे सप्रमाणता अहवाल मागण्याची जबाबदारी प्रत्यक्षात नियोक्त्यावरच राहते.

== साखर उद्योग आणि ऊसतोड ==

लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. साखर कारखान्यात हंगामभर तीन पाळ्यांत अखंड काम चालते आणि उरलेले महिने हंगामी कामगार कमी करावे लागतात. रात्रपाळीचा झोपेवर व दक्षतेवर होणारा परिणाम, तसेच दरवर्षी तुटून पुन्हा जोडल्या जाणाऱ्या नोकरीचा कामगाराच्या संघटननिष्ठेवर होणारा परिणाम हे येथील स्वाभाविक संशोधनविषय आहेत.

कारखान्याच्या फाटकाबाहेर मात्र या शास्त्राच्या रूढ संकल्पना अपुऱ्या पडतात. ऊसतोडणीत मजुरीचे एकक व्यक्ती नसून ‘कोयता’ असते, म्हणजे सामान्यतः पतिपत्नीची जोडी. मजुरी टनावर मिळते आणि हंगामापूर्वी घेतलेली ‘उचल’ त्यातून फिटते. स्त्रीचे श्रम स्वतंत्रपणे नोंदले जात नाहीत. कार्यसमाधानाच्या प्रचलित प्रश्नावलीत ‘तुमचा वरिष्ठ’ असा उल्लेख असतो. तोडणी कामगाराचा वरिष्ठ टोळीचा मुकादम, गावोगावी तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय, की कारखान्याचा शेतकी अधिकारी? उचल देणाराच काम वाटत असेल, तर ‘नोकरी सोडण्याचा इरादा’ या परिमाणाला काय अर्थ उरतो? ही शाखा स्थिर वेतनाच्या, लेखी करार असलेल्या कर्मचाऱ्यावर उभी राहिली आहे. असंघटित श्रमाचा अभ्यास तिने अर्थशास्त्र व समाजकार्य यांच्याकडे सोडून दिला, ही तिची मोठी उणीव मानावी लागते.

== शिक्षण व संशोधनाच्या संधी ==

जिल्ह्यातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. मानसशास्त्रातील पदवीनंतर पदव्युत्तर स्तरावर या शाखेचे विशेष अध्ययन करता येते. अध्यापनासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा पुणे विद्यापीठामार्फत महाराष्ट्र व गोव्यासाठी घेतली जाणारी सेट परीक्षा उत्तीर्ण होणे हा प्रचलित मार्ग आहे. पीएच.डी.साठी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीखेरीज बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्यस्तरीय संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या संबंधित समाजघटकांतील विद्यार्थ्यांना मिळू शकतात. ग्रामीण भागातून येणाऱ्या संशोधकांसाठी त्यांचे महत्त्व मोठे आहे.

विद्यापीठाबाहेर पुण्यातील ज्ञान प्रबोधिनीची मानसशास्त्र संस्था चाचणीरचनेसाठी ओळखली जाते. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक मानसशास्त्रावर काम चालते. बँकांच्या भरतीपरीक्षांमुळे विद्यार्थ्यांच्या परिचयाची असलेली आयबीपीएस ही संस्था १९७५मध्ये राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेअंतर्गत कार्मिक निवड सेवा म्हणून सुरू झाली आणि १९८४मध्ये स्वतंत्र झाली. लाखो उमेदवारांच्या परीक्षांची प्रश्ननिर्मिती व गुणविश्लेषण हे मापनशास्त्राचेच काम आहे. खासगी कंपन्यांत या शिक्षणाचे पदवीधर बहुधा मनुष्यबळ विभागात नेमले जातात. तेथे ‘मानसशास्त्रज्ञ’ हे पदनाम क्वचितच असते, त्यामुळे नोकरीच्या जाहिराती शोधताना पदनामापेक्षा कामाचा तपशील वाचणे विद्यार्थ्याला अधिक उपयोगी पडते. संख्याशास्त्राची चांगली तयारी असलेल्या उमेदवाराला चाचणीरचना आणि कर्मचारीविषयक माहितीचे विश्लेषण ही दोन क्षेत्रेही खुली असतात.