पोळी कमी झाली, आता ताटात काय?

पूर्वी पंगतीत 'आणखी वाढा' म्हणणारे भरपूर असत. आता पानावर आडवा हात धरणारेच जास्त दिसतात. कुणाला भात नको असतो, कुणाला जिलबी चालत नाही, कुणी दीड पोळीवरच थांबतो. जवळजवळ प्रत्येक घरात एकाला तरी डॉक्टरांनी 'साखर वाढली आहे, गहू-तांदूळ कमी करा' असे बजावलेले असते. २०१८च्या सुमारास तर 'दीक्षित की दिवेकर' हा वाद कट्ट्यापासून हळदीकुंकवापर्यंत रंगला होता. वाद बाजूला ठेवला तरी त्यामागची काळजी खरी आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

'कमी करा' हे सांगणे सोपे आहे. पण ताटातून एक पदार्थ उचलला, की त्या जागी काय ठेवायचे, हे सहसा कुणी सांगत नाही. मांसाहारी घरात अंडे असते, मासळी असते. शाकाहारी घरात निदान दही-पनीर असते. पण ज्यांनी दूधदुभतेही वर्ज्य केले आहे, त्यांनी काय करावे? अशांची संख्या आपल्याकडेही वाढते आहे. कुणाला दूध पचत नाही, कुणाला गोठ्यातल्या जनावरांचे हाल पाहवत नाहीत. अशा आहाराला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. पिष्टमय पदार्थ कमी आणि प्राणिज पदार्थ अजिबात नाहीत, अशा दुहेरी पथ्यात प्रथिने पुरेशी मिळतील का? मिळतील. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू आपल्या डब्यांतच आहेत. मात्र नुसते कमी खाऊन भागणार नाही, ताटाची मांडणीच बदलावी लागेल.

धान्याचा विसरलेला हिशेब

प्रथिने म्हणजे डाळ, आणि पोळी-भात म्हणजे नुसता पिष्टमय भाग, असे आपण धरून चालतो. ते पुरते खरे नाही. १०० ग्रॅम कणकेत सुमारे साडेदहा ग्रॅम प्रथिने असतात, ज्वारीत दहाच्या आसपास, तांदळात आठ. धान्य आपण इतके खातो, की आपल्या प्रथिनांचा मोठा वाटा त्यातूनच येतो.

एका मध्यमवर्गीय घरातल्या ५५ किलो वजनाच्या बाईंचे दिवसाचे खाणे घेऊ. सकाळी बशीभर पोहे, दिवसभरात पाच पोळ्या, एक मूद भात, पातळ वरण, भाजी, थोडी चटणी, दोन वेळचा चहा आणि वाटीभर दही. यात पोहे, पोळ्या आणि भात मिळून सुमारे २१ ग्रॅम प्रथिने देतात. दोन्ही वेळच्या वरणातली ३० ग्रॅम डाळ साडेसहा ग्रॅम देते, दूध-दही आठ ग्रॅम आणि भाजी, दाण्याचे कूट वगैरे पाच ग्रॅम. बेरीज चाळीसच्या आसपास जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलेले प्रमाण वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे या बाईंना ४६ ग्रॅम हवीत. त्या मुळातच थोड्या मागे आहेत.

आता त्यांनी पोहे आणि भात बंद केला, पोळ्या दोनवर आणल्या आणि दूधही सोडले. वरण मात्र होते तेवढेच राहिले. प्रथिने एकदम सतरा ग्रॅमांवर येतात, म्हणजे गरजेच्या निम्मीसुद्धा नाहीत! वजन उतरते, साखरही उतरते, घरातले सगळे कौतुक करतात. पण उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे वजनकाट्यावर कळत नाही.

आपल्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला दिला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्याकडच्या अनेकांची ठेवण असते. मुळातच शिल्लक कमी असलेल्या खात्यातून पैसे काढावेत, तसे स्नायू गमावणे आपल्याला परवडणारे नाही. साठीनंतर तर जिना चढणे आणि जमिनीवरून हात न टेकता उठणे या स्नायूंवरच अवलंबून असते.

टोरांटोचा प्रयोग

असा दुहेरी पथ्याचा आहार खरोखर झेपतो का, हे कॅनडात तपासले गेले आहे. खाल्लेला पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने वाढवतो, ते मोजणारा 'ग्लायसेमिक इंडेक्स' ज्यांनी १९८१ साली मांडला, त्या डॉ. डेव्हिड जेंकिन्स यांनी टोरांटोत हा प्रयोग केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही जास्त असलेल्या ४७ स्त्री-पुरुषांना चार आठवडे ठरावीक जेवण पुरवण्यात आले. एका गटाच्या आहारात पिष्टमय पदार्थांतून फक्त २६ टक्के उष्मांक होते आणि प्रथिनांतून ३१ टक्के. ही प्रथिने सोयाबीन, गव्हातले ग्लुटेन, दाणे-बदामासारखा सुकामेवा आणि भाज्या यांतून आली. दुसऱ्या गटाला दूध-अंडी चालणारा, पिष्टमय पदार्थ जास्त असलेला शाकाहार दिला. दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे चार किलोंनी उतरले. पण घातक कोलेस्टेरॉल पहिल्या गटात अधिक घटले.

त्या लोकांना तयार जेवण घरपोच मिळत होते, हे विसरून चालणार नाही. आपल्याला ते रोजच्या ओट्यावर, रोजच्या पगारात बसवायचे आहे.

डाळ, कडधान्य आणि सोयाबीन

पहिला गैरसमज वरणाचा. वाटीभर पातळ वरणात जेमतेम १५ ग्रॅम डाळ असते, म्हणजे तीन ग्रॅम प्रथिने. पाहुणे वाढले की वरणात पाणी वाढते, डाळ तेवढीच राहते. शिवाय अनेक घरांत शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला पातेल्यातले वरचे पाणीच येते. डाळ पानात दिसली पाहिजे, हा पहिला नियम. पिठले, झुणका, घट्ट आमटी, मुगाचे धिरडे, डाळ घातलेली पालेभाजी, कुळथाची दाट पिठी हे पदार्थ त्या दृष्टीने सरस. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली होती. ती जोडी उत्तमच आहे. फक्त आता झुणका भाकरीएवढा आणि भाकरी झुणक्याएवढी हवी!

दुसरा गैरसमज उलट बाजूचा. डाळी म्हणजे निव्वळ प्रथिने नव्हेत. १०० ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिने आणि ५५ ग्रॅमांच्या आसपास पिष्टमय भाग असतो. म्हणून पोळी-भात तसाच ठेवून वर डाळ वाढवली, तर पथ्य मोडते. धान्य काढायचे आणि त्याच जागी डाळ आणायची, तरच हिशेब जमतो. डाळी-कडधान्यांतला पिष्टमय भाग भातापेक्षा सावकाश पचतो, हा त्यांचा मोठा गुण.

तिसरा गैरसमज मोडांचा. मोड आल्याने प्रथिने वाढत नाहीत. कडधान्य भिजून दुप्पट-अडीचपट होते ते पाण्याने. त्यामुळे १०० ग्रॅम मोडाच्या मटकीत कोरड्या मटकीच्या निम्म्याहून कमी प्रथिने भरतात. मोड आणावेत ते पचनासाठी. त्याने लोह, जस्त अडवून धरणारे घटक कमी होतात आणि क जीवनसत्त्वही मिळते.

या सगळ्यांत वेगळे उठून दिसते ते सोयाबीन. त्यात १०० ग्रॅममागे ३५ ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात, पिष्टमय भाग डाळींच्या मानाने बराच कमी आणि प्रथिनांचा दर्जाही दुधाच्या जवळ जाणारा. तेल काढून केलेल्या सोयावड्यांत तर निम्मे वजन प्रथिनांचेच असते. गंमत अशी, की विदर्भ-मराठवाड्यातली शेते सोयाबीनने भरलेली आहेत. लातूरच्या बाजारात त्याचे ढीग लागतात. पण त्याचे तेल आपल्या कढईत येते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. सोयाबीन कच्चे मात्र खाऊ नये. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, चांगले शिजवावे. त्यातले पचनात अडथळा आणणारे घटक उष्णतेनेच जातात. सोयावड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळल्या आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाकल्या, की वास उरत नाही. सोयाच्या दुधाचे पनीर, म्हणजे टोफू, आता शहरांत सहज मिळते.

चटणी तोंडी लावण्यापुरती नको

प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतले लायसिन धान्यात कमी, तर मेथिओनिन डाळींत कमी. म्हणून वरण-भात, आमटी-भाकरी या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. भाकरी कमी झाली की ही जोडी थोडी लंगडते. तिथे उपयोगी पडतात तीळ. तिळात मेथिओनिन भरपूर असते. मटकीच्या उसळीबरोबर दोन मोठे चमचे तिळाची चटणी घेतली, तर कमतरता बरीचशी भरून निघते आणि तिळातून कॅल्शियम मिळते ते वेगळेच. कारळे, जवस, दाणे यांच्या चटण्याही आलटून पालटून कराव्यात. ही जोडी प्रत्येक घासाला जुळलीच पाहिजे असे मात्र नाही. अमेरिकन लेखिका फ्रान्सिस मूर लापे यांनी १९७१ साली एकाच जेवणात जोड्या जुळवण्याचा आग्रह धरला होता. १९८१च्या आवृत्तीत त्यांनीच तो सैल केला. दिवसभरात विविधता आली की पुरते.

एका दिवसाची मांडणी

आता त्याच बाईंचा दिवस पुन्हा मांडू. दूध नाही आणि धान्य फक्त एका भाकरीपुरते असल्याने किलोमागे पूर्ण एक ग्रॅम, म्हणजे ५५ ग्रॅम धरलेले बरे. सकाळी ६० ग्रॅम अख्खे मूग भिजवून त्यांची दोन धिरडी: १३ ग्रॅम. दुपारी ४५ ग्रॅम मटकीची घट्ट उसळ: १० ग्रॅम. सोबत ज्वारीची एक लहान भाकरी: ४ ग्रॅम. दोन्ही वेळच्या पालेभाज्या, कोशिंबीर: ४ ग्रॅम. तिळाची चटणी: ३ ग्रॅम. चार वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे: ७ ग्रॅम. रात्री ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांचा रस्सा आणि भरपूर भाजी: १५ ग्रॅम. एकूण ५६ ग्रॅम. पिष्टमय भाग मात्र ११०-१२० ग्रॅमच, म्हणजे आधीच्या जवळजवळ निम्मा. यात परदेशी पावडरीचा डबा नाही की महागडे बदाम नाहीत. ज्यांना वजन उतरवायचे नाही, त्यांनी दाणे, तीळ, खोबरे आणि तेल यांचे प्रमाण वाढवावे, नाहीतर उष्मांक कमी पडतील.

कडधान्यांची सवय नसलेल्या पोटाने सुरुवातीला तक्रार केली, तर नवल नाही. प्रमाण पंधरा-वीस दिवसांत हळूहळू वाढवावे, भिजवलेले पाणी फेकून द्यावे, फोडणीत हिंग, ओवा घालावा.

सांभाळून

तीन गोष्टी मात्र स्वतःच्या मनाने करू नयेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पोळी-भात एकाएकी कमी केल्याने साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. काही नव्या गोळ्यांबरोबर पिष्टमय पदार्थ फार कमी करणे वेगळ्या कारणाने घातक ठरते. औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिने परस्पर वाढवू नयेत. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाचे पदार्थ यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

आणि ब-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतींत भरवशाने मिळत नाही. उसळी कितीही खाल्ल्या तरी ही उणीव भरत नाही. पुण्याच्या परिसरात झालेल्या अभ्यासांत दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही त्याची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटते. दूधही सोडले असेल, तर ब-१२ची गोळी हा आहाराचाच भाग समजावा.

आपल्या ताट वाढण्याच्या पद्धतीत डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी आणि मधोमध भात-पोळी. मधली जागा धान्याला मिळाली, कारण शेतात राबणाऱ्या माणसाला ती शक्ती हवी होती. खुर्चीत बसून आठ तास काम करणाऱ्यांनी उसळीला मध्ये आणावे, चटणीचा गोळा मोठा करावा आणि भाकरीला कडेला जागा द्यावी. पदार्थ आजीच्याच हातचे राहतील, फक्त त्यांच्या जागा बदलतील. आणि घरात कुणी 'आजपासून पोळी बंद' असे जाहीर केले, तर शाबासकी देण्याआधी एवढेच विचारावे: मग उसळ किती भिजवू?